घरांतील यंत्रें : चित्र कां दिसत नाहीं?

शहापूर-मुरबाडकडील घरांतून अलीकडे एक नवें काम निघालें आहे. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली आणि दहा-बारा वर्षांपूर्वीं हौसेनें घेतलेले पुष्कळ कॉम्प्युटर एका दिवसांत म्हातारे ठरले. यंत्र चालतें, पडदा उजळतो, कळफलक ठीक आहे. परंतु विंडोज ११ कांहीं त्यावर बसत नाहीं. अशा वेळीं घरांतील कॉलेजांत जाणारा पुतण्या किंवा भाचा पुढें होतो आणि त्या यंत्रावर लिनक्स बसवून देतो. पैसा खर्च होत नाहीं, यंत्र पूर्वींपेक्षां चपळ चालतें, मंडळी खूष होतात. मग दिवेलागणीनंतर कोणी तरी जपून ठेवलेला पेनड्राइव्ह आणतें, फाइलीवर दोनदां टिचकी मारली जाते, आणि पडद्यावर चित्राऐवजीं इंग्रजींत एक वाक्य उमटतें: ही फाइल दाखविण्यास अमुक एक 'डिकोडर' लागतो व तो येथें बसविलेला नाहीं.

या एका वाक्यावरून घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, फुकट तें असेंच असावयाचें. तरुण मंडळी म्हणतात, फाइलच बिघडलेली दिसते. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात, आणि त्या चुकीची किंमत कधीं कधीं फार मोठी पडते. म्हणून या महिन्यांत त्या वाक्याचा अर्थ आणि त्यावरचा उपाय एवढेंच सांगण्याचें योजिलें आहे.

किंमत कशी पडते याची हकीकत मुरबाडच्या एका घरची आहे. त्या घरीं १९९४ सालीं मुंज झाली. तिची व्हिडिओ कॅसेट बरींच वर्षें कपाटांत होती. पुढें ती कोणा फोटोग्राफरकडून फाइल करून घेऊन पेनड्राइव्हवर ठेविली. मुंजीआधीं घाणा भरतांना घरच्या आजींनीं ओव्या म्हटल्या होत्या. आजी जाऊन आतां वीस वर्षें होतील. त्यांचा आवाज म्हणून जो कांहीं उरला आहे तो त्या फाइलींतच. जुन्या यंत्रावर पुतण्यानें उबुंटू हें लिनक्स बसविलें, फाइल उघडेना. एका दुकानीं दाखविली, तेव्हां 'फाइल करप्ट आहे, पुसून टाका आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या कामाला लावा' असा सल्ला मिळाला. घरच्या काकू त्यालाहि तयार होत आल्या होत्या.

"अरे, तूं म्हणतोस यंत्र नव्यासारखें झालें, मग आजींचा आवाज कां ऐकूं येत नाहीं?"

"काकू, फाइल शाबूत आहे. ती वाचणारा कोणी आंत बसविलेला नाहीं, एवढेंच. मला अर्धा तास द्या."

"अर्धा तास घे कीं. पण तोंवर तें पुसूं बिसूं नकोस हो."

अर्ध्या तासानें घाण्याची ओवी त्या माजघरांत पुन्हां ऐकूं आली. फाइलीला पहिल्यापासूनच कांहीं झालेलें नव्हतें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पणजोबांच्या वेळची एकादी पेटी असेल. तींत जमिनीचे कागद, हिशेबाच्या वह्या, कुळाचाराचीं टिपणें असतात. कागद धड आहे, शाई धड आहे, भाषा तर आपलीच मराठी. पण अक्षर मोडी, म्हणून घरांत कोणास वाचतां येत नाहीं. तेवढ्यावरून कागद फुकट गेला असें कोणी म्हणत नाहीं. मोडी जाणणारा मनुष्य शोधतात. व्हिडिओची फाइल नेमकी अशीच आहे. चित्र आणि आवाज जसाच्या तसा लिहूं गेल्यास जागा पुरत नाहीं, म्हणून तो एका ठराविक त्रोटक लिपींत लिहितात. मोडी तरी हात न उचलतां झरझर लिहितां यावें म्हणूनच वापरीत ना? या त्रोटक लिपींत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या साधनास 'कोडेक' म्हणतात, आणि त्यांतील नुसत्या वाचणाऱ्या भागास 'डिकोडर'.

हा त्रोटकपणा किती करावा लागतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. व्हीसीडीचें चित्र आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके एवढें लहान. सेकंदास अशीं २५ चित्रें. एकेका ठिपक्याच्या रंगास तीन बाइट धरले तर सेकंदास सुमारें ७६ लाख बाइट होतात, म्हणजे तासाला सत्तावीस गिगाबाइटांहून अधिक. साधी सीडी तर ७०० मेगाबाइटांची. तींत तासाभराचा लग्नसोहळा मावतो तो केवळ लिपीच्या करामतीनें: मागच्या चित्रांतून पुढच्या चित्रांत जें बदललें नाहीं तें पुन्हां लिहावयाचें नाहीं, डोळ्यास जें जाणवत नाहीं तें गाळावयाचें. मांडव तसाच आहे, भटजी बसल्या जागीं आहेत, हालतो तो अंतरपाट, तेवढाच लिहावयाचा.

या लिप्याहि एक-दोन नव्हेत. व्हीसीडीची एमपेग-१, डीव्हीडीची एमपेग-२, २००३ सालीं ठरलेली एच.२६४, २०१३ मधील एचईव्हीसी, २०१८ मधील एव्हीवन; शिवाय आवाजाच्या निराळ्या. फाइलीच्या नांवाच्या शेपटीला जें 'एमपीफोर' वगैरे दिसतें ती लिपि नव्हे, ती नुसती पेटी. एकाच घडणीच्या पेटींत निरनिराळ्या लिप्यांचे कागद असूं शकतात. म्हणून एक एमपीफोर फाइल चालते आणि अगदीं तसेंच नांव असलेली दुसरी चालत नाहीं, किंवा चित्र दिसतें आणि आवाज मुका राहतो, याचें आश्चर्य वाटावयास नको.

मग हे वाचणारे कोडेक लिनक्समध्यें पहिल्यापासूनच कां घालीत नाहींत? येथें यंत्रशास्त्र संपतें आणि कायदा सुरू होतो. या लिप्यांतील युक्त्यांवर त्या शोधणाऱ्या कंपन्यांनीं निरनिराळ्या देशांत पेटंट घेतलीं आहेत. पेटंटाची मुदत सर्वसाधारणपणें वीस वर्षांची. तोंवर ती युक्ति वापरणारानें मोबदला द्यावयाचा. मोबाइल फोन किंवा नवा कॉम्प्युटर विकत घेतांना हा मोबदला किंमतींत कोठें तरी मिसळलेला असतो, आपणांस तो निराळा दिसत नाहीं. परंतु जें सॉफ्टवेअर कोणींहि कितीहि नकला करून वाटावें अशाच अटीवर दिलेलें असतें, त्याच्या दर नकलेमागें मोबदला कोणीं भरावयाचा आणि कोणाच्या खिशांतून? म्हणून लिनक्सच्या आवृत्त्या काढणाऱ्या संस्था हे वादाचे कोडेक मूळ संचाबाहेर ठेवतात आणि घेणारानें आपल्या देशाचा कायदा पाहून ते घ्यावेत असें म्हणतात. उबुंटूच्या कोडेकांच्या गाठोड्याचें नांवच 'रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' आहे. लिनक्स मिंट ही आवृत्ति ते पूर्वीं आंतच देत असे. २०१६ पासून तिनेंहि ते बाहेर काढले.

मुदत संपत जाते तसतशीं हीं कुलुपें गळूनहि पडतात. एमपीथ्री या आवाजाच्या लिपीचे परवाने देणें जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनें २०१७ च्या एप्रिलमध्यें थांबविलें. एमपेग-२ वरील अमेरिकेंतील शेवटचें पेटंट २०१८ च्या फेब्रुवारींत संपलें. आपल्या देशापुरतें पाहावयाचें तर १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमांतील 'के' हें पोटकलम असें सांगतें कीं, गणिती पद्धति, अल्गोरिदम आणि 'केवळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम' हे 'शोध' या सदरांत येतच नाहींत. त्या 'केवळ' शब्दावर वकील मंडळींनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे आणि पुढेंहि करतील. आपल्या मुंजीच्या फाइलीसाठीं त्यांत शिरण्याचें प्रयोजन नाहीं.

या अडचणीचें एक उदाहरण मुरबाडच्या अगदीं शेजारीं घडून गेलें आहे. मुरबाडच्या दक्षिणेस लागून कर्जत तालुका. तेथील खैराट गांवच्या लहानशा शाळेंत २००७ सालीं 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतांतील पहिला प्रयोग झाला. तीं हिरवीं-पांढरीं यंत्रें लिनक्सवर चालत. त्यांतहि फक्त पेटंटमुक्त लिप्याच दिलेल्या होत्या. यंत्रास कॅमेरा होता, त्यानें टिपलेलें त्यावर दिसे. परंतु बाहेरच्या जगांत सर्वत्र चालणारी साधी एमपीथ्रीची फाइल लावावयाची म्हटली तर कोडेक निराळा आणून घालावा लागे. ज्या मुलांसाठीं यंत्र स्वस्त करण्याचा एवढा खटाटोप, त्यांच्याच वाटेंत ही आडकाठी! इकडे शहापूर तालुक्यांतील पष्टेपाड्याची जिल्हा परिषदेची शाळा पुढें 'डिजिटल शाळा' म्हणून महाराष्ट्रभर गाजली. तेव्हां चित्रें पाहून शिकणें या भागास नवें राहिलेलें नाहीं. अशा मुलांच्या घरच्या यंत्रावर व्हिडिओ चालणें ही आतां नुसती करमणुकीची बाब नव्हे.

आतां उपायाकडे वळूं. नवशिक्यानें पहिल्या दिवशीं एकच सॉफ्टवेअर बसवावें, आणि तें व्हीएलसी. याची जन्मकथा मौजेची आहे. पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी विद्यालयाच्या वसतिगृहांतील नेटवर्क फार मंद होतें. तें बदलून मिळावें म्हणून विद्यार्थ्यांनीं १९९६ च्या सुमारास नेटवर्कवरून टेलिव्हिजन दाखविण्याचा प्रकल्प हातीं घेतला. म्हणजे वेगवान तारा आपोआपच घालाव्या लागणार! त्या उचापतींतून हें सॉफ्टवेअर निघालें. २००१ च्या १ फेब्रुवारीस विद्यालयानें तें मुक्त परवान्याखालीं देण्यास संमति दिली. रस्त्याचें काम चालूं असतां ठेवतात तसला नारिंगी-पांढरा शंकु हें त्याचें चिन्ह. निव्वळ प्रोग्रॅमवरील पेटंट युरोपांतील कायदा मानीत नसल्यामुळें फ्रान्समध्यें बसून काम करणाऱ्या या मंडळींस जवळ जवळ सर्व लिप्या वाचण्याची सोय आंतच ठेवतां आली. जाहिरात नाहीं, नांव-पत्ता विचारणें नाहीं, पैशांची मागणी नाहीं.

व्हीएलसीचें अधिकृत संकेतस्थळ २०२२ च्या फेब्रुवारीच्या सुमारास भारतांत उघडेनासें झालें. चालकांनीं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेच्या साहाय्यानें सरकारास नोटीस दिली, आणि नोव्हेंबरांत तें पुन्हां खुलें झालें. मधल्या महिन्यांत लिनक्स वापरणारांस मात्र व्हीएलसी पूर्ववत् मिळत होतें. याचें कारण असें कीं, लिनक्समध्यें सॉफ्टवेअर त्या त्या कर्त्याच्या दारावरून आणावयाचें नसतें. प्रत्येक आवृत्तीचें स्वतःचें कोठार असतें; तेथें तपासून, शिक्कामोर्तब करून ठेवलेल्या प्रती असतात आणि आपलें यंत्र तो शिक्का पडताळून मगच माल आंत घेतें. विंडोजची संवय झालेले लोक लिनक्सवर आले तरी 'व्हिडिओ प्लेअर डाउनलोड' असें शोधून मिळेल त्या स्थळावरून कांहीं तरी उतरवूं पाहतात. हें कटाक्षानें टाळावें. घरांत कोठार भरलेलें असतां फेरीवाल्याकडून पिशवीबंद पीठ कां घ्यावें?

कोठारांतून माल काढण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली चित्रांची. उबुंटूंत 'ॲप सेंटर' किंवा मिंटमध्यें 'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघडावा, शोधाच्या चौकटींत व्हीएलसीचीं तीन अक्षरें लिहावीं, शंकूचें चित्र दिसलें कीं 'इन्स्टॉल' वर टिचकी मारावी. मिंटच्या मेनूंत 'साउंड अँड व्हिडिओ' या भागीं 'इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स' असें एक कलमहि असतें. तें एकदां चालविलें कीं पुष्कळसें काम होतें. २०२३ च्या अखेरीपासून निघालेल्या उबुंटूंत नेहमींच्या पद्धतीनें बसविल्यास व्हिडिओ दाखविणारें सॉफ्टवेअर मुळांतच नसतें, तेव्हां तें सांपडत नाहीं म्हणून यंत्र पुन्हां पुसून बसविण्याच्या भानगडींत पडूं नये.

दुसरी वाट अक्षरांची. नवशिक्यांस तिची भीति वाटते. आम्हांस ती अधिक सरळ वाटते, कारण काय बिघडलें तें यंत्र येथें स्पष्ट सांगतें. कंट्रोल, ऑल्ट आणि टी या तीन कळा एकदम दाबल्या कीं टर्मिनलची काळी चौकट उघडते. तींत हुकूम रोमन लिपींतील लहान अक्षरांनीं लिहावयाचे. पहिला हुकूम तीन शब्दांचा: सूडो, म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट, म्हणजे ए-पी-टी, आणि अपडेट. दर दोन शब्दांमध्यें एक मोकळी जागा. सूडो म्हणजे घरच्या कर्त्याची सही. तिच्यावांचून कोठार उघडत नाहीं. अपडेट म्हणजे कोठाराची यादी ताजी करणें. हें न करतां पुढें गेल्यास यंत्र जुन्या यादींतील वस्तु मागतें, ती तेथून केव्हांच हललेली असते, आणि ४०४ असा आंकडा दाखवून काम थांबतें. दुसरा हुकूम चार शब्दांचा: सूडो, ॲप्ट, इन्स्टॉल, व्हीएलसी.

हुकूम देतांच यंत्र पासवर्ड विचारतें, आणि येथें निम्मी मंडळी अडकतात. पासवर्ड लिहितांना पुष्कळदां पडद्यावर अक्षर नाहीं, ठिपका नाहीं, चांदणी नाहीं. कळफलक बिघडला असें वाटतें. तो बिघडलेला नसतो. शेजारच्याला अक्षरांची संख्याहि कळूं नये म्हणून तशी योजना आहे. मुकाट्यानें पासवर्ड पुरा लिहावा आणि एंटर दाबावें. मग 'वाय' कीं 'एन' असा प्रश्न येतो. 'वाय' लिहून पुन्हां एंटर. कधीं 'लॉक मिळत नाहीं' अशा अर्थाची ओळ येते. त्याचा अर्थ इतकाच कीं, यंत्र आपलें आपण दुसरें कांहीं ताजें करीत आहे आणि कोठाराची किल्ली सध्यां तिकडे आहे. दहा मिनिटें थांबावें. इंटरनेटवर या ओळीवर नाना जालीम उपाय सांगितलेले आढळतात. ते करूं नयेत.

व्हीएलसी एकट्यानें बहुतेक घरांचें काम भागतें. परंतु उबुंटूंतील इतर सॉफ्टवेअरनेंहि त्या फाइली उघडाव्यात अशी इच्छा असेल, तर इन्स्टॉलपुढें 'उबुंटू', 'रिस्ट्रिक्टेड' व 'एक्स्ट्राज' हे शब्द मध्यें आडव्या रेघा घालून जोडून लिहावे. या गाठोड्याबरोबर मायक्रोसॉफ्टचे कांहीं टंकहि येतात आणि त्यांच्या अटींचें एक पान टर्मिनलांतच उघडतें. खालीं 'ओके' दिसतें, पण माउसची टिचकी तेथें चालत नाहीं! टॅब ही कळ दाबून 'ओके' उजळावें, मग एंटर. हें कोणीं न सांगितल्यामुळें चौकट तशीच टाकून उठून गेलेली मंडळी आम्हांस माहीत आहेत. शेवटीं फाइलीवर उजवी टिचकी मारून 'ओपन विथ' मधून व्हीएलसी निवडावें आणि नेहमीं तेंच वापरावें असें सांगून ठेवावें, म्हणजे घरांतील वडील माणसांस पुन्हां कांहीं निवडावें लागत नाहीं.

हें सर्व इंटरनेटवर अवलंबून, आणि आपल्या भागांत तेंच नाजूक. आसनगांव-शहापुरास महामार्गालगत फोनचें जाळें बरें असतें; डोळखांब किंवा टोकावड्याकडे डोंगराच्या कुशींत गेलें कीं पुष्कळ ठिकाणीं पट्ट्या गळूं लागतात. तारेचें इंटरनेट घरीं नसल्यास अडून बसूं नये. फोन चार्जिंगच्या, पण माहितीहि वाहून नेणाऱ्या वायरनें कॉम्प्युटरला जोडावा आणि फोनच्या सेटिंगांत 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावें. लिनक्स बहुधा कांहीं न विचारतां त्यास तारेचें नेटवर्क समजून चालूं लागतें. माल मध्येंच तुटला तर तोच हुकूम पुन्हां द्यावा. उतरलेला भाग यंत्रानें ठेवलेला असतो, फक्त उरलेला आणला जातो. पावसाळ्यांत ऐन बसविण्याच्या वेळीं वीज गेली तर मात्र पुढच्या खेपेस अर्धवट कामाची तक्रार दिसते. तेव्हां सूडो, मग डी-पी-के-जी, मग दोन आडव्या रेघांना जोडून 'कॉन्फिगर', मग एका आडव्या रेघेला जोडून 'ए', असा हुकूम द्यावा. राहिलेलें काम यंत्र पुरें करतें.

ज्यांना वाचून करण्यापेक्षां पाहून करणें सोपें जातें त्यांच्यासाठीं मुंबईच्या आय.आय.टी.चा 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम आहे. लिनक्सचे धडे त्यांत मराठी आवाजांतहि आहेत आणि ते विनामूल्य आहेत. अर्थात् व्हिडिओ कसा चालवावा हें व्हिडिओवरून शिकावयाचें म्हणजे पहिला धडा फोनवरच पाहावा लागणार.

इतकें करूनहि एक प्रकार अडतो, तो आधींच सांगून ठेवणें बरें. अमेरिकेहून किंवा पुण्याहून मुलानें नव्या फोनवर टिपलेलें नातवंडाचें बारसें येतें. व्हीएलसी तें उघडतें, पण चित्र अडखळत, थांबत, तुकड्या-तुकड्यांनीं चालतें. येथें कोडेक आहे, पण यंत्राचा दम कमी पडतो. नवे फोन पुष्कळदां एचईव्हीसी लिपींत टिपतात. ॲपलचे तर २०१७ पासून. ही लिपि जागा कमी घेते, परंतु उलगडण्यास मेहनत जास्त. नव्या यंत्रांत त्यासाठीं स्वतंत्र मंडल असतें, जुन्यांत तें नसल्यामुळें सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. त्यास सॉफ्टवेअरचा उपाय थोडा. मुलाला कळवावें कीं, फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगांत 'मोस्ट कंपॅटिबल' निवड आणि चित्र फार मोठें टिपूं नकोस. तो बहुधा ऐकेल; न ऐकल्यास व्हीएलसीच्याच 'मीडिया' मेनूंतील 'कन्व्हर्ट' कलमानें फाइल रात्रभर यंत्रास लावून एच.२६४ मध्यें उतरवून घेतां येते. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी, कारण प्रत्येक उतरविण्यांत चित्राचा थोडा कस जातो.

मुरबाडच्या त्या घरीं पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. आजींच्या ओव्या काकूंना वहींत उतरवून घ्यावयाच्या होत्या, पण उखळ-मुसळाचा आवाज, बायकांचें हंसणें आणि आजींचा दांत नसलेला उच्चार यांत शब्द लागेनात. व्हीएलसींत चौकोनी कंसाची डावी कळ दाबली कीं गति थोडी मंदावते, पुन्हां दाबली कीं आणखी. आवाज मात्र जाड होत नाहीं, आहे त्याच पट्टींत राहतो. उजवा कंस दाबला कीं गति वाढते, आणि बरोबरच्या चिन्हाची कळ पूर्ववत् करते. आवाजाची पट्टीहि शंभराच्या वर नेतां येते. काकू कळ दाबीत आणि धाकटी सून लिहून घेई. दोन दुपारींत सतरा ओव्या उतरल्या. दोन ठिकाणीं शब्द अजून लागत नाहींत, तेथें जागा मोकळी सोडली आहे, नणंद दिवाळीस येईल तेव्हां तिला विचारावयाचें आहे.

घरोघरीं पडलेल्या व्हीसीडी-डीव्हीडींचें काय, असें कांहीं वाचक विचारतील. घरगुती समारंभाच्या डीव्हीडीवर बहुधा कुलूप नसतें. विकतच्या सिनेमांच्या डीव्हीडीस असतें तसली निराळी किल्ली तिला लागत नाहीं, व्हीएलसी ती तशीच लावतें. व्हीसीडीचें प्रकरण जरा वेगळें आहे. तिच्यावरील माहिती निराळ्या घडणीची असल्यामुळें साध्या नकलेच्या हुकुमानें ती पुष्कळदां उतरत नाहीं, आणि तबकडीवर ओरखडे असतील तर आणखीच खोळंबा होतो. तिची प्रत कशी काढावी तें पुढील अंकीं सविस्तर देऊं. तोंवर तबकड्या उन्हांत ठेवूं नयेत व पुसावयाच्या झाल्यास मऊ फडक्यानें मधून कांठाकडे पुसाव्या, गोल गोल पुसूं नयेत.